बाटलीवरच्या नावाची मालकी

इंदूरच्या एका मद्यव्यावसायिकाने 'लंडन प्राईड' या नावाची व्हिस्की बाजारात आणली आणि त्या नावावरून सुरू झालेला तंटा इंदूरच्या व्यापारी न्यायालयातून निघून दिल्लीस सर्वोच्च न्यायालयाच्या दारी जाऊन पोहोचला. तक्रार होती पेर्नो रिकार या फ्रेंच मद्यसमूहाच्या भारतीय कंपनीची. 'ब्लेंडर्स प्राईड' व 'इंपीरियल ब्लू' ही दोन्ही नावे तेव्हा तिच्या मालकीची होती. इंदूरकराने एकीच्या नावातला 'प्राईड' उचलला, दुसरीच्या वेष्टनाची रंगसंगती आणि मांडणी उचलली, आणि वर 'सीग्रॅम्स' ही आमची उठावाची अक्षरे असलेल्या बाटल्यांत आपला माल भरला, असे तिचे म्हणणे होते. इंदूरच्या न्यायालयाने २०२० मध्ये अंतरिम मनाई हुकूम नाकारला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने २०२३ मध्ये तोच निर्णय कायम केला. शेवटी १४ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायमूर्ती पारडीवाला व न्यायमूर्ती महादेवन यांच्या खंडपीठाने कंपनीचे अपील फेटाळले आणि मूळ दावा चार महिन्यांत निकालात काढावा, असा आदेश इंदूरच्या न्यायालयाला दिला.

दारूच्या बाटल्यांवरची नावे हा अग्रलेखाचा विषय व्हावा काय, असा प्रश्न एखाद्या सोवळ्या वाचकाच्या मनात येणे शक्य आहे. त्यास आमचे उत्तर इतकेच की, ज्या प्रदेशात काजूची बोंडे मळून त्यांचा रस उकळण्यावर शेकडो कुटुंबांची वर्षाची बेगमी अवलंबून असते, त्या प्रदेशाने हा विषय सोवळ्यात गुंडाळून ठेवणे परवडणारे नाही. पिणे बरे की वाईट, हा वाद वेगळा आहे आणि तो आम्ही येथे उकरून काढीत नाही. येथे प्रश्न आहे तो एवढाच की, भाषेतला एखादा शब्द, एखाद्या गावाचे वा खोऱ्याचे नाव, एखाद्या मुलखाची कीर्ती ही कुणाच्या मालकीची, आणि ती मालकी राखताना न्यायालयांनी डोळ्यांसमोर कोण ठेवावा, कारखानदार की गिऱ्हाईक?

लंडन प्राईडचा निकाल आमच्या मते मूलतः योग्य आहे. 'प्राईड' म्हणजे अभिमान. जगातला प्रत्येक माल विकणारा आपल्या मालाचा अभिमानच मिरवीत असतो. तेव्हा हा शब्द एकट्या एकाने आपल्या कुंपणात घ्यावा, ही मागणीच जादा होती. नुसत्या 'प्राईड' या शब्दाची नोंदणी कंपनीकडे नव्हती. नोंदणी होती ती पूर्ण नावाची. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या सतराव्या कलमाचा आशयच असा आहे की, ज्याने संपूर्ण चिन्ह नोंदवले त्याचा हक्क संपूर्ण चिन्हावर; त्यातला एखादा सर्वसामान्य तुकडा फोडून काढून 'हाही माझाच' असे म्हणता येत नाही. न्यायालयाने आणखी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. वादीने एका व्हिस्कीचे नाव आणि दुसऱ्या व्हिस्कीचे वेष्टन असे दोन निरनिराळ्या जिनसांचे तुकडे जोडून एक काल्पनिक बाटली उभी केली आणि प्रतिवादीची बाटली तिच्यासारखी दिसते, अशी तक्रार केली. असली संमिश्र बाटली बाजारात कुठल्याच दुकानात मिळत नाही. मग तिच्याशी घोटाळा होईल कुणाचा? जाता जाता सांगावयास हरकत नाही की, 'लंडन प्राईड' हे विलायतेत एका चिमुकल्या फुलझाडाचे नाव आहे आणि चिजिक येथील एका जुन्या बियर कारखान्याच्या नामांकित बियरचेही. अभिमानाला मालक अनेक आहेत.

मात्र त्याच दाव्यातला उठावाच्या अक्षरांचा आरोप आम्हांला अधिक गंभीर वाटतो, आणि त्याची शहानिशा साक्षीपुराव्यानेच व्हावयास हवी. आपल्या देशात रिकामी बाटली वाया जात नाही. भंगारवाला ती गोळा करतो, धुणारा धुतो आणि ती दुसऱ्याच कुणाच्या कारखान्यात जाऊन पुन्हा भरते. गोव्यात तर घरगुती फेणी कुठल्या बाटलीतून येईल याचा नेम नाही. बियरच्या, व्हिस्कीच्या, अगदी पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतूनही ती पाहुण्यांसमोर येते, आणि त्यात कुणाला फसवण्याचा हेतू नसतो. परंतु दुकानात मांडून विकण्याच्या मालाच्या काचेवर परक्याचे नाव कोरलेले असेल, तर त्यास योगायोग म्हणता येत नाही. शब्द सर्वांचे असतात. दुसऱ्याच्या नावाची कोरीव बाटली सर्वांची नसते. ही दोन्ही प्रकरणे एकाच दाव्यात गुंफून वादीनेच आपली बळकट बाजू दुबळी करून घेतली की काय, अशी शंका आम्हांला येते.

नावासाठी एवढा आटापिटा का, हे समजण्यासाठी या धंद्याची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. साबण, चहा वा टूथपेस्ट विकणारा आपला माल दूरचित्रवाणीवर नाचवू शकतो. दारू विकणाऱ्यास ती सोय नाही. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनी मद्याच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष जाहिरातींना मनाई केलेली आहे. म्हणून मग त्याच नावाचा सोडा, त्याच नावाच्या संगीताच्या तबकड्या, त्याच नावाचे क्रीडापुरस्कार असले मागच्या दाराचे उद्योग निघाले. जिथे मालाबद्दल उघड काही बोलता येत नाही, तिथे सारे बोलण्याचे काम एकट्या नावावर येऊन पडते. 'इंपीरियल ब्लू'चेच पाहा. जुलै २०२५ मध्ये टिळकनगर इंडस्ट्रीजने ती व्हिस्की विकत घेण्याचा करार केला, तो सुमारे चार हजार एकशे पन्नास कोटी रुपयांचा. श्रीरामपूरनजीकच्या टिळकनगरात जिचे मूळ, अशी ही आपल्या मराठी मुलखातली कंपनी. त्या रकमेत कारखान्यांची यंत्रसामग्रीही आली हे खरे; पण एवढे मोल काही हंड्या-नळ्यांचे नसते. नाव विकले गेले, आणि नावाबरोबर लाखो गिऱ्हाइकांची सवय विकली गेली.

आता ही सवय म्हणजे काय वस्तू आहे, याविषयी आपल्या न्यायालयांची कल्पना एकसारखी नाही, आणि येथेच आमची खरी तक्रार आहे.

बंगळूरच्या खोडे कंपनीने १९६८ पासून 'पीटर स्कॉट' या नावाची व्हिस्की विकावयास आरंभ केला. स्कॉटलंडच्या व्हिस्कीवाल्यांची संघटना, म्हणजे स्कॉच व्हिस्की असोसिएशन, म्हणाली की, नावातच 'स्कॉट' असल्याने ही देशी दारू स्कॉटलंडची म्हणून खपते. सबब तिचे नाव नोंदवहीतून खोडावे. कंपनीने सांगितलेली नावाची जन्मकथा मोठी मौजेची आहे. कंपनीच्या नोकरीत असलेल्या एका पीटर नावाच्या विदेशी अधिकाऱ्याने ते नाव सुचवले. त्याचे वडील स्कॉट होते, शिवाय दक्षिण ध्रुवाकडे जाऊन परत न आलेले कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे चिरंजीव पीटर स्कॉट यांचेही स्मरण त्यामागे होते. हे चिरंजीव पाणपक्ष्यांचे मोठे अभ्यासक आणि वन्यजीव रक्षणाच्या जागतिक संस्थेचे एक संस्थापक. बिचाऱ्या पक्षिमित्राचे नाव व्हिस्कीच्या बाटलीवर चढले ते असे! रजिस्ट्रारने आणि मद्रास उच्च न्यायालयाने असोसिएशनची बाजू उचलून धरली. पण २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारडे फिरवले. एक कारण होते विलंबाचे. असोसिएशनला या नावाची खबर १९७४ मध्येच लागली होती आणि तिने नाव खोडण्याचा अर्ज केला तो १९८६ मध्ये. बारा वर्षे शेजाऱ्याचे घर उठताना मुकाट पाहावे आणि कौले चढल्यावर जमीन माझी म्हणावे, हे न्यायाला धरून नाही. इथवर निकालाशी आमचा वाद नाही. परंतु दुसरे कारण असे दिले गेले की, स्कॉच पिणारा मनुष्य सुशिक्षित, सधन आणि चोखंदळ असतो, तो कशाने फसणार?

हा चोखंदळ रसिक आम्हांला नेहमीच कोड्यात टाकत आला आहे. तो कुठे भेटतो? पणजीच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात भेटत असेल. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारानंतर तावेर्नात शिरणाऱ्या, वास्कोच्या गोदीवरून पाळी संपवून येणाऱ्या किंवा बेळगावच्या बसस्थानकालगतच्या दुकानाच्या जाळीपुढे उभे राहणाऱ्या गिऱ्हाइकाचे काय? ते काही फळीवरून दोन बाटल्या उतरवून, चष्मा लावून त्यांची लेबले ताडून पाहत नाही. बाटल्या असतात गल्ल्यामागे, आणि माल मागायचा असतो तोंडाने, गर्दीत, दहा जणांच्या आवाजात. पुरे नाव तरी कोण घेतो? 'ब्लेंडर्स प्राईड'ची 'बीपी' होते, 'रॉयल स्टॅग'ची 'आरएस' होते. 'ऑफिसर्स चॉईस' ही 'ओसी' होते. आणि 'ओरिजिनल चॉईस'? तीही 'ओसी'च. या दोन नावांच्या मालकांनी एकमेकांच्या नावांची नोंदणी रद्द करून घेण्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयांच्या पायऱ्या झिजवल्या. त्यांतली दुसरी कंपनी ही आमच्या कुंकळ्ळीत जिची सिंगल माल्टची भट्टी आहे ती. हा तंटा ज्या बौद्धिक संपदा अपील मंडळापुढे एकेकाळी चालला ते मंडळच २०२१ मध्ये मोडीत निघाले. नावे मोठ्याने पूर्ण वाचली तर वेगळी वाटतात, लेबले शेजारी ठेवली तर फरक दिसतो. पण जाळीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी ती दोन अक्षरांची होऊन जातात, ही गोष्ट कुठल्या नोंदवहीत दिसणार?

याच्या उलट, दिल्ली उच्च न्यायालयाने 'कलेक्टर्स चॉईस'च्या प्रकरणी जो विचार केला, तो आम्हांला जमिनीच्या अधिक जवळचा वाटतो. 'ऑफिसर्स चॉईस'वाल्यांनी या नव्या नावाविरुद्ध दावा लावला. कानाला 'ऑफिसर' आणि 'कलेक्टर' यांत काहीही साम्य नाही. इंग्रजीत तर 'कलेक्टर' म्हणजे तिकिटे किंवा चित्रे जमवणारा हौशी संग्राहक, असाही अर्थ होतो. पण न्यायालयाने विचारले ते असे की, या देशात कलेक्टर म्हटले म्हणजे डोळ्यांसमोर कोण येतो? जिल्ह्याचा साहेब येतो. साहेब म्हणजेच ऑफिसर. माणूस नेमका शब्द विसरतो, पण त्याचा अर्थ ध्यानात ठेवतो, या मानसशास्त्रातील निरीक्षणाचा आधारही न्यायालयाने घेतला. २०१४ मध्ये मनाई हुकूम निघाला आणि २०१५ मध्ये खंडपीठाने तो कायम केला. इंग्रजांनी हा हुद्दा जन्माला घातला, इंग्रज गेले, आणि त्या हुद्द्याचा दरारा एवढा शिल्लक राहिला की, त्यावरून व्हिस्कीच्या नावाचा निकाल लागला! विनोद बाजूला ठेवला तरी या निकालात गिऱ्हाईक हे हाडामांसाचे आहे. ते गावात राहते, त्याला साहेब ठाऊक आहे, आणि त्याची स्मरणशक्ती तुमच्या-आमच्यासारखीच गळकी आहे.

औषधांच्या नावांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कॅडिला प्रकरणात हेच सांगितले होते. तेथे कसोटी होती ती सामान्य बुद्धीच्या आणि अपुऱ्या स्मरणाच्या ग्राहकाची. औषधाच्या चुकीने जीव जातो, म्हणून तेथे कसोटी अधिक कडक, हे आम्ही मान्य करतो. पण महागड्या व्हिस्कीचा ग्राहक जागरूक असतो, हे गृहीत लंडन प्राईडच्या निकालातही पुन्हा डोकावलेच. निकाल बरोबर लागण्यास त्या गृहीताची गरज नव्हती. 'प्राईड' हा शब्द सर्वांचा आहे, एवढे कारण पुरेसे होते. गिऱ्हाइकाच्या खिशावरून त्याच्या डोळ्यांची पारख करण्याची ही रीत रूढ झाली, तर एक दिवस स्वस्त दारू पिणाऱ्यापुरता एक कायदा आणि महाग पिणाऱ्यापुरता दुसरा, अशी स्थिती यावयाची.

शब्दांचे झाले. गावांची आणि मुलखांची नावे हे याहून नाजूक प्रकरण आहे, कारण तेथे फसवणूक एका कारखानदाराची होत नाही, एका अख्ख्या प्रदेशाची होते. सोलनच्या डायर मीकिन कंपनीला 'हायलँड चीफ' या लेबलाची नोंदणी हवी होती. लेबलावर चित्र होते पिसांची टोपी घातलेल्या, चौकड्यांचे वस्त्र पांघरलेल्या एका स्कॉटिश सरदाराचे. हिमालयाच्या पायथ्याशी गाळलेल्या व्हिस्कीवर हा सरदार काय करीत होता, याचे समाधानकारक उत्तर मिळेना, आणि १९८० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या चित्राने लोकांची दिशाभूल होईल असे ठरवले. पुढे तसाच प्रसंग आपल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यावर आला. सहकाराच्या इतिहासात ज्या कारखान्याचे नाव आदराने घेतले जाते, त्याच कारखान्याच्या मळीपासून झालेल्या मद्यार्काच्या बाटल्या 'ड्रम बीटर' आणि 'गोल्ड टायकून' अशा नावांनी निघाल्या आणि त्यांवर त्यात स्कॉच मिसळल्याचा उल्लेख ठळकपणे झळकला. १९९० च्या दशकाच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याचा हा प्रकार आहे, असे न्यायालयाचे मत पडले. नगर जिल्ह्याच्या शेतकऱ्याने घाम गाळून पिकवलेल्या उसाची मळी. तिला स्वतःच्या नावाने बाजारात उभे राहण्याची लाज वाटावी आणि तिने स्कॉटलंडचा झगा पांघरावा, याचे आम्हांला त्या वेळच्या निकालापेक्षाही अधिक वाईट वाटते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली ती गत.

स्कॉटलंडवाल्यांचा पाठलाग आपल्याच मागे लागलेला आहे असेही नव्हे. जर्मनीत एका छोट्या भट्टीने आपल्या व्हिस्कीला 'ग्लेन बुखेनबाख' असे नाव दिले. बुखेनबाख हे तिच्याच परिसराचे नाव. पण 'ग्लेन' म्हणजे स्कॉटिश बोलीतली दरी, आणि स्कॉटलंडच्या कितीतरी व्हिस्कींची नावे त्याच शब्दाने सुरू होतात. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये कसोटी सांगितली की, नाव ऐकताच ग्राहकाच्या मनात थेट स्कॉच व्हिस्कीचीच प्रतिमा उभी राहते काय, हे पाहावे. २०१९ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने ती लावून नाव बंद केले. बाटलीवर माल जर्मनीचा आहे हे स्पष्ट छापलेले होते; तेही उपयोगी पडले नाही.

आणि कधी कधी दोघेही खरे असतात. बोहेमियातील चेस्के बुद्येयोवित्से या शहराचे जर्मन नाव बुडवाईस. तेथली बियर ती 'बुडवाईझर', जसा कोल्हापूरचा तो कोल्हापुरी. अमेरिकेतील सेंट लुईसच्या कारखानदाराने १८७६ मध्ये हे नाव आपल्या बियरला दिले; खुद्द त्या शहरातला आजचा बुडवार कारखाना निघाला १८९५ मध्ये. गाव एकाचे, पहिला वापर दुसऱ्याचा! शंभराहून अधिक वर्षे हा झगडा देशोदेशींच्या न्यायालयांत चालला. ब्रिटनमध्ये दोघांनीही ते नाव वापरावे, असा तोडगा २०१२ च्या निकालाने टिकला; तिथल्या लोकांना दोन बियरींतला फरक कळतो, असे अनेक वर्षांच्या अनुभवाने दिसले होते. अमेरिकेत मात्र बोहेमियाच्या बियरीला स्वतःच्या गावाचे नाव टाकून 'चेकवार' असे नवे नाव घेऊन हिंडावे लागले.

आता आपल्या अंगणात येऊ. काजू हे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणले. पण फेणी त्यांनी आणली नाही. ती येथल्या माणसांनी केली. डोंगरावरची पिकून गळालेली बोंडे वेचायची, कोळंबीत पायांनी मळायची, नीरो काही दिवस आंबू द्यायचा, भाणात घालून लाकडाच्या जाळावर चढवायचा. पहिल्या धारेची ती हुर्राक. तीत पुन्हा नीरो घालून दुसऱ्यांदा काढलेली ती फेणी. मार्च ते मे या तीन महिन्यांत डोंगरउतारावरून जाणाऱ्याच्या नाकाला तिचा पत्ता विचारावा लागत नाही. या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशाची नोंद मिळाली. तिचा अर्थ असा की, सीमेपलीकडे सिंधुदुर्गात वा कारवारात त्याच जातीचा काजू, त्याच रीतीने, तितक्याच कौशल्याने कुणी गाळला, तरी त्यास गोव्याची फेणी म्हणता येणार नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जाही दिला. माडाची फेणी मात्र त्या नोंदीच्या बाहेर राहिली. माडावर चढणारे रेंदेर दिवसेंदिवस कमी होत गेले आणि त्यांच्या वतीने बोलणारा कुणी नव्हता, असे म्हणण्यावाचून आम्हांला गत्यंतर नाही.

व्यापारचिन्ह आणि हा निर्देश यांत एक मूलभूत भेद आहे, तो भट्टीवाल्यांनी नीट ध्यानात घ्यावा. 'ब्लेंडर्स प्राईड' हे नाव एकाचे असते. तो ते विकू शकतो, गहाण टाकू शकतो. फेणी हे नाव कुणालाच विकता येत नाही, कारण ते साऱ्यांचे आहे. पण जे साऱ्यांचे, त्याची राखण करण्यास प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मोठ्या कंपनीपाशी वकिलांची फौज असते. 'इंडियन स्टॅग' या नावात आपले हरीण दिसताच 'रॉयल स्टॅग'ची मालकीण कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात धावली आणि २०२३ मध्ये तिने मनाई मिळवली. सत्तरीतल्या भट्टीवाल्याने कुठे धावावे? कुणी मद्यार्कात काजूचा अर्क मिसळून पर्यटकाच्या हाती नारळाच्या आकाराची रंगीत बाटली दिली आणि तिला फेणी म्हटले, तर त्याची फिर्याद कोण करणार? असला माल एकदा चाखून गेलेला प्रवासी फेणीचे नाव घेताच आयुष्यभर नाक मुरडतो, आणि त्या मुरडलेल्या नाकाची किंमत पुढल्या हंगामात भट्टीवाला भरतो. नोंदवहीतली ओळ ही केवळ आरंभ आहे. बाटलीतला माल तपासणारा निरीक्षक आणि फिर्याद लढवणारा सरकारी वकील नसेल, तर ती ओळ चौकटीत घालून भिंतीवर टांगण्यापुरतीच.

आमच्या काही वाचकांना न रुचणारी गोष्ट पुढेच आहे. गोव्यात पिढ्यानपिढ्या एक गोड, लालभडक, स्वस्त वाईन तयार होते आणि 'पोर्ट वाईन' या नावाने विकली जाते. घराघरांत ती आहे. बाळंतिणीला शक्ती यावी म्हणून देण्यापासून नाताळच्या फराळापर्यंत तिचा संचार आहे. पण पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या पोर्तु शहराच्या नावाची वाईन. ती होते दोरु नदीच्या खोऱ्यात. पोंबालच्या मार्किसने १७५६ मध्ये त्या खोऱ्याची हद्दच आखून दिली. नकली पोर्टचा सुळसुळाट झाला होता, हे त्यामागचे एक कारण. म्हणजे जे संरक्षण आपण २००९ मध्ये फेणीसाठी मिळवले, ते त्यांनी अडीचशे वर्षांपूर्वीच उभे केले होते. 'पोर्तु' आणि 'दोरु' ही दोन्ही नावे आज भारताच्या भौगोलिक निर्देशांच्या नोंदवहीतही आहेत, ज्या नोंदवहीत आपली फेणी आहे त्याच नोंदवहीत. आमच्या 'पोर्ट'चे आणि त्या खोऱ्याचे नाते काय? नावाखेरीज काही नाही.

कायद्याची पळवाट नाही असे नव्हे. जागतिक व्यापार कराराने वाईन आणि मद्य यांच्या प्रादेशिक नावांना जादा संरक्षण दिले, आणि ते देताना १५ एप्रिल १९९४ पूर्वी किमान दहा वर्षे चालत आलेल्या वापराला सवलतही ठेवली. आमचे वाईनवाले तिचा आधार घेऊ शकतील, आणि एखादा हुशार वकील त्यांना पीटर स्कॉटच्या निकालातला विलंबाचा मुद्दाही काढून देईल. पोर्तुगीज राजवटीत येथे पोर्ट म्हणूनच पीत होते, असेही कुणी म्हणेल. हे सारे न्यायालयात टिकेल की नाही, हे न्यायालय पाहील. आम्ही विचारतो ते वेगळे. रत्नागिरीतल्या कुणी उद्या काजूची दारू काढून तिला 'फेणी' म्हटले आणि 'आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून असेच म्हणतात' असे उत्तर दिले, तर गोव्याच्या विधानसभेत केवढा गदारोळ उठेल! आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय फेणीच्या दाव्यात आपल्याच अंगावर उलटल्यावाचून राहणार नाही. समोरच्या पक्षाचा वकील पहिल्याच दिवशी आमच्या पोर्ट वाईनची बाटली न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवील.

दारूचे प्रत्येक लेबल विक्रीला येण्यापूर्वी अबकारी खात्यापुढे यावे लागते. मंजुरी तेथेच मिळते, शुल्क तेथेच भरले जाते. ज्या खात्याला बाटलीतले मिलिलिटर आणि मद्यार्काचे प्रमाण तपासता येते, त्यास नाव तपासता येऊ नये असे काही नाही. फेणी असे लिहिलेल्या प्रत्येक लेबलामागे कुठली भट्टी आणि कुठला काजू आहे, हे त्या खात्याने विचारावे. आणि 'पोर्ट' असे लिहिलेले लेबल समोर आले की, काही वर्षांची मुदत देऊन, वाईनवाल्यांना आपल्या मालाला स्वतःचे नाव शोधावयास सांगावे. गोव्याच्या गोड लाल वाईनला गोव्याचे नाव देण्यात अवघड ते काय आहे? गिऱ्हाईक तिची चव ओळखते. नाताळात ते दुकानाच्या फळीवर नव्या नावाखालीही तिलाच शोधील, आणि पहिली दोन वर्षे सवयीने तिला पोर्टच म्हणत राहील.